मामांचं गुड मॉर्निंग पथक

माणसाने सकाळी उठून कुठे बसावं आणि कुठे बसू नये, या विषयावर माझ्या मामेसासऱ्यांइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जामखेडकडच्या खेड्यापाड्यांत त्यांनी जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केली. त्या नोकरीतली घरपट्टी, पाणीपट्टी, टँकरवरची भांडणं, दाखले हे सगळं त्यांनी नेमून दिलंय म्हणून केलं, पण जीव लावून केलं ते एकच काम, गाव हागणदारीमुक्त करायचं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा गावोगावी 'गुड मॉर्निंग पथक' नावाचा प्रकार निघाला होता. पहाटे उजाडायच्या आत ग्रामसेवक, मास्तर आणि गावातले दोन-चार उत्साही लोक बॅटरी आणि शिट्टी घेऊन ओढ्याकाठी दबा धरून बसत. कोणी टमरेल घेऊन आलं की शिट्टी वाजायची आणि मामा पुढे होऊन, त्याच्या हातात गुलाबाचं फूल देऊन, मान लववून म्हणायचे, "नमस्कार, गुड मॉर्निंग!" बिचारा एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात गुलाब घेऊन आल्या वाटेने परत जायचा. यात मामांनी कधी आपपरभाव केला नाही. त्यांनी सरपंचाला फूल दिलं, सरपंचाला पाडायला निघालेल्यालाही दिलं. आणि एका पहाटे बॅटरी मारून बघतात तर समोर त्यांचे स्वतःचे सासरे, लेकीकडे चार दिवस राहायला आलेले! मामांनी क्षणभर विचार केला आणि त्यांनाही फूल दिलं. त्यानंतर मामींचं माहेर बरेच दिवस तुटलं होतं. "शासकीय काम हाय, त्यात सासरा काय अन् मेव्हना काय," असं मामा म्हणतात, आणि मामी अजूनही ही गोष्ट निघाली की पदर तोंडाला लावून हसतात.

हे मामा आणि मामी गेल्या वर्षी आमच्याकडे नगरला, सावेडीत राहायला आले. आले म्हणजे यावं लागलं. मामींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात उचलेना, डावा पाय ओढत चालू लागल्या, नजर मंद झाली, आणि शब्द तोंडाशी येऊन अडकायला लागले. आमच्या घराचा खालचा मजला रिकामाच होता. डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं, की यांना घरातल्या घरात फिरवून उपयोग नाही, रस्त्यावर चालवा, रोज चालवा. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी, कोणाचा हात न धरता जाऊन परत येतील, त्या दिवशी खुशाल गावाला न्या. पण पाय बसून राहिला तर कायमचा बसेल. त्या दिवसापासून त्या दोघांचं सगळं जग आमच्या गेटपासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलं. मामी रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवून एकच विचारायच्या, "गावाला... कधी?" आणि मामा म्हणायचे, "कोपरा आला की निघालोच."

मामांसारखा माणूस घरात असणं म्हणजे आपल्या घराचीच ग्रामपंचायत होणं. त्यांच्या तोंडात सरकारी भाषा इतकी मुरलेली, की भाजीत मीठ कमी पडलं तरी ते "त्रुटी" म्हणतात. जिल्ह्याचं नाव बदलल्याचा आदेश निघाला त्या दिवसापासून त्यांनी 'नगर' हा शब्द सोडला. रिक्षावाल्याला त्यांची अहिल्यानगर रेल्वे स्टेशनची फर्माईश ऐकून वाटलं, की हे गृहस्थ कुठल्या तरी दौऱ्यावर आलेत. जेवणाआधी हात कसे धुवायचे हे त्यांनी माझ्या बँकेतल्या मॅनेजरला आमच्याच बेसिनपाशी उभं करून शिकवलं, नखांसकट. आणि शेणाबद्दल त्यांना विलक्षण आदर. रस्त्यात गाईचं शेण दिसलं की ते थांबून त्याच्याकडे मायेने बघत आणि "वाया चाललंय हो जावईबापू, सोनं हाय ह्ये!" म्हणून हळहळत. पण त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका जातीचा ऐवज दिसला की त्यांच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहायची.

तो ऐवज आमच्या गल्लीत मुबलक. सावेडीत बंगले वाढले तशी कुत्री वाढली, आणि कुत्री वाढली तसे त्यांना पहाटे 'फिरवून' आणणारे मालक वाढले. फिरवून आणणे याचा खरा अर्थ, आपल्या फाटकातली घाण दुसऱ्याच्या फाटकात पोचवून येणे. या मालकांची एक गंमत आहे. कुत्रं मागचे पाय दुमडून बसलं रे बसलं, की त्यांना आभाळात काहीतरी दिसू लागतं. ढग, पक्षी, विजेची तार, काहीही. कुत्र्याचं आटोपेपर्यंत मान खाली येत नाही. या आभाळ बघणाऱ्यांचे म्होरके म्हणजे कोपऱ्यावरच्या बंगल्यातले वकीलसाहेब. उंचपुरे, पांढराशुभ्र सदरा, कानाला फोन. आमच्या घराचं खरेदीखत त्यांनीच केलेलं, त्यामुळे मी त्यांच्याशी बोलताना निम्मा वाकूनच असायचो. त्यांचा ब्रूनो म्हणजे वासराएवढा लॅब्रॅडॉर, स्वभावाने गरीब, पोटाने श्रीमंत. मामा त्याला 'लाभार्थी' म्हणत. "आला बघा लाभार्थी," असं ते खिडकीतून पुटपुटत, आणि त्याने मागे ठेवलेल्याला 'प्रकरण' म्हणत.

अशाच एका प्रकरणावर मामींचा पाय पडला. तो ओढायचा पाय, उचलून टाकणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि काळ्या डांबरावर त्यांना ते दिसलंही नाही. त्या घसरल्या आणि हातावर पडल्या. मोडलं काही नाही, पण मनात भीती बसली. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत आल्या, उजव्या हाताने गेट घट्ट धरलं, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या." त्यानंतर रोज उद्याच. दिवस जाऊ लागले तसा तो पाय आणखी जड होऊ लागला, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी मामांनी ट्रंक उघडली आणि जुनी पितळी शिट्टी काढून दोरीने गळ्यात अडकवली.

मी म्हटलं, "मामा, वकीलसाहेबांना मामींचं सांगू या ना सरळ. ते काही वाईट माणूस नाहीत."

"न्हाई," मामा म्हणाले. "बायकूच्या पायाचं गाऱ्हाणं घिऊन दारोदार हिंडायचं न्हाई. जे चूक हाय ते समद्यांसाठी चूक हाय. मी तीस गावची मानसं सुधारली, ही तर कुत्री हायेत."

पथक उभं राहिलं. पथक म्हणजे एकटे मामाच. पहाटे ते आमच्या बागेतला गुलाब खुडून गेटाआड उभे राहिले. ब्रूनो आला, बसला. वकीलसाहेबांनी मान वर केली. शिट्टी वाजली आणि मामा पुढे होऊन लवून म्हणाले, "नमस्कार, गुड मॉर्निंग!" ओढ्याकाठी या क्षणाला माणूस शरमेने अर्धा होत असे. वकीलसाहेब कशाला होतात? त्यांना वाटलं, कोणीतरी पक्षकार आहे. "अरे वा, थँक यू, थँक यू," म्हणत त्यांनी फूल घेतलं, वास घेतला आणि घरी जाऊन बायकोला दिलं. त्यांच्या सौभाग्यवतींना हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून वकीलसाहेब आमच्या गेटशी फुलासाठी थांबू लागले. ते थांबायचे म्हणून ब्रूनोही तिथेच थांबायचा, आणि थांबलाच आहे तर उरकूनही घ्यायचा. आमचा गुलाब आठवड्यात बोडका झाला.

मग मामांनी फूल बंद करून नुसत्या शिट्टीवर भर दिला. त्यात निराळंच घडलं. शिट्टी ऐकून माणसं पळतात हा मामांचा अनुभव, पण ब्रूनोला ती शिट्टी प्राणापलीकडे आवडली. गल्लीच्या त्या टोकाला असला तरी तो मालकाच्या हातातला पट्टा हिसकत धावत यायचा, मामांच्या पायाशी लोळण घ्यायचा, आणि आनंद अनावर होऊन जे व्हायचं ते तिथेच व्हायचं. मामा त्याला ओरडायचे, "व्हय बाजूला, निर्लज्जा!" आणि बोलता बोलता त्याचं कानामागचं खाजवायचे. हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. गेटच्या आत खुर्चीवर बसलेल्या मामी मात्र ते बघून हसायच्या. पण उठायच्या नाहीत.

इथपर्यंत मी हसत होतो, खोटं कशाला बोलू. पण पुढे गल्लीतली हवा फिरली. फुलं बंद का झाली ते वकीलसाहेबांच्या ध्यानात आलं, आणि रोज पहाटे तोंडासमोर वाजणारी शिट्टी आपल्यालाच उद्देशून आहे हेही आलं. ते आता मला बघून रस्ता बदलू लागले. त्यांच्या सौभाग्यवतींनी माझ्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं नाही. एकदा ते गेटशी थांबून थंड आवाजात म्हणाले, "तुमच्या पाहुण्यांना सांगा, रस्ता सार्वजनिक आहे." आतून मामा गरजले, "म्हून तर म्हंतोय!" घरात बायको म्हणायची मामांना आवरा, आणि मामांना आवरायला गेलं की ते गेटच्या आत खुर्चीवर बसलेल्या मामींकडे नुसतं बघायचे.

मामांनी ठरवलं, कुत्री सुधारेनात तर निदान मामींना प्रकरणं लांबून दिसावीत, म्हणजे त्या बाहेर पडतील. आधी त्यांनी प्रत्येक प्रकरणाभोवती राखेची रेघ ओढली, ती वाऱ्याने उडाली. मग ट्रंकेतून पुडा निघाला गुलालाचा, गावच्या कुठल्याशा निवडणुकीतला उरलेला. लाल रंग मामींच्या मंद नजरेलाही दिसायचा. गुलालाचं गोल रिंगण, आणि मधोमध खूण म्हणून कागदाचा झेंडा. झेंड्याला काडी म्हणून केरसुणीचा हीर घेतला. पण डांबरात हीर कसा रोवणार? मामींसाठी रोज सरबत व्हायचं, त्या लिंबाच्या पिळलेल्या फोडी पडलेल्या असायच्या. मामांनी त्या फोडी पालथ्या घालून त्यांत हीर खोचले. "ग्रामीन तंत्रज्ञान हाय जावईबापू," ते मला म्हणाले, आणि कोपऱ्यापासून सुरुवात करायची म्हणून पहाटेच निघून गेले. वाऱ्याने कागदी झेंडे उडवून नेले ते त्यांना मागे वळून बघायचं सुचलं नाही. आणि ती नेमकी अमावास्या होती.

मला जाग आली ती गलक्याने. धावत वरच्या गच्चीत जाऊन खाली पाहिलं. वकीलसाहेबांच्या दारात लाल गुलालाचं रिंगण, रिंगणात लिंबू, लिंबात टोचलेला हीर, आणि मधे काय आहे ते जवळ जाऊन बघायची कोणाची छाती होत नव्हती. दूधवाल्याने लांबूनच मोटारसायकल वळवली. वकीलसाहेबांच्या सौभाग्यवती दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या, कारण ब्रूनोने सकाळपासून दुधाला तोंड लावलं नव्हतं. कायद्याची पदवी घेतलेले वकीलसाहेब स्वतः रिंगणाला वळसा घालून रस्त्यावर आले होते.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"म्या केलं," मामा छाती काढून म्हणाले.

"तोंड वर करून सांगता? माझ्या दारात, अमावास्येला?"

"रोज करनार! तुमच्याच कुत्र्यानं जागा दावली, त्याला मी काय करू?"

"जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, माहीत आहे का? आत जाल आत!"

जादूटोणा हा शब्द कानावर पडला आणि कशाबद्दल बोलणं चाललंय ते मामांच्या डोक्यात शिरलं. ते उसळले. "मला सांगता? मला? त्या कायद्याचं वाचन मी भर ग्रामसभेत केलंय! भगताच्या अंगातलं वारं उतरवलंय मी! हगवणीला तोडगा बांधनाऱ्या गावाला पानी उकळून प्यायला शिकवलंय, आन् मला...!" त्यांनी सवयीने शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली, थेट वकीलसाहेबांच्या तोंडासमोर. वकीलसाहेबांनी पुढे होऊन त्यांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी धरली. दोघेही वयाने मोठे, पण कोणी मागे हटेना. मी बाहेरच्या जिन्याने उतरत होतो, पण आता हात उचलला जाणार आणि हे भांडण चौकीवर जाणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात बायको मागून दबक्या आवाजात म्हणाली, "मामी!"

मामी गेटच्या बाहेर आल्या होत्या. काठी नाही, कोणाचा हात नाही. डोळे मामांच्या शिट्टीच्या दिशेला, आणि डावा पाय रस्त्यावर घासत, घासत पुढे. मामांना मामींच्या वाटेत पडलेलं ते ताजं प्रकरण दिसलं, ज्याच्याभोवती अजून रिंगण पडलेलं नव्हतं. हाक मारली तर त्या दचकून पडतील, आणि पळत जावं तर गळ्यात दोरी. जन्मभर गावांना दरडावणारे मामा, मी ऐकलाही नव्हता अशा आवाजात म्हणाले, "साहेब, तिला दिसत न्हाई वो. मागं पडली हुती. पाय उचलत न्हाई तिचा. पुन्हा पडली तर... साहेब, तेवढं..."

वकीलसाहेबांनी मामींच्या पायाकडे पाहिलं. दोरी सुटली. तो उंचापुरा माणूस धावत गेला, मामींच्या पावलासमोर मटकन खाली बसला, आजूबाजूला कागद, पान काही दिसेना, तेव्हा त्याने ते सरळ ओंजळीत उचललं. मामींचं पाऊल त्यांच्या बोटांपाशी येऊन थांबलं. मामींनी खाली वाकून नीट पाहिलं. भर रस्त्यात, सकाळच्या पारी, पांढऱ्या सदऱ्यातला एक मोठा माणूस उकिडवा बसलेला. मामींचे ओठ हलले, अडले, पुन्हा हलले, आणि झटका आल्यापासून आम्ही ऐकलं नव्हतं इतकं स्पष्ट त्या बोलल्या.

"नमस्कार. गुड मॉर्निंग."

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. मला वाटतं वकीलसाहेबच. हातात ते तसंच धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसत राहिले. मामा रस्त्यावरच बसले आणि रडले. मामींनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, गुलालाच्या रिंगणाला बाजूने वळसा घातला, विजेच्या खांबाला हात लावला आणि परत फिरल्या.

एकदा जमलं म्हणून भागायचं नाही, रोज जमलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढचे महिने आमच्या गल्लीला फार चांगले गेले. वकीलसाहेब एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात पिशवी आणि खुरपं घेऊन फिरू लागले, आणि म्होरक्याच वाकल्यावर बाकीच्यांनाही आभाळात बघण्यासारखं काही उरलं नाही. मामा तरीही शिट्टी वाजवायचेच. ब्रूनो धावत यायचा आणि मामींच्या डाव्या बाजूने, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून, कोपऱ्यापर्यंत चालायचा. मामा मागून "लाभार्थी, सावकाश," म्हणून सूचना देत. मामींचा पाय सुधारत गेला तसतसा मला मनातून आनंद व्हायचा आणि मेला एक धसकाही बसायचा, कारण कोपरा रोज जमणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं त्या सकाळी त्यांनी सामान बांधलं. निरोप द्यायला वकीलसाहेब आपल्या बागेतला एक गुलाब घेऊन आले आणि मामांपुढे लवले. मामा म्हणाले, "सडारांगोळी नको साहेब, निस्ता रस्ता साफ ठेवा." गाडी वळली तेव्हा मामी मागे बघून हात हलवत होत्या, डावा हात.

आता घराचा खालचा मजला पुन्हा रिकामा आहे. पहाटे शिट्टी वाजत नाही, तरी मला त्याच वेळेला जाग येते. खाली येतो तर गेटाबाहेर वकीलसाहेब उभे असतात आणि ब्रूनो आमच्या दाराकडे तोंड करून बसलेला असतो. "फोन आला होता का?" ते विचारतात. परवा मी सांगितलं, मामी आता रोज ओढ्यापर्यंत एकट्या जातात. "ओढ्यापर्यंत? कशाला?" असं म्हणून ते हसले. त्यांनी पट्टा ओढला, पण ब्रूनो उठेना. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून मी तोंडानेच शिट्टी मारून बघितली. त्याने कान टवकारले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसला.